न्यू जर्सीत राहून ओहायोत भाड्याचं घर घ्यावं का?

रानमेवा
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

आम्ही दोघं एडिसनला, दोघंही नोकरीत. राहतं घर २०१९ साली घेतलं, त्याचा हप्ता चालू आहे. बाजूला साधारण साठ हजार डॉलर साठलेत. इथे न्यू जर्सीत दुसरं घर घ्यायचं म्हटलं की किंमत आणि प्रॉपर्टी टॅक्स बघूनच धाप लागते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने क्लीव्हलंडला डुप्लेक्स घेतलंय, तो गेलं वर्षभर आमच्या मागे लागलाय. त्याच्याच एजंटने एक घर पाठवलं. १९२६ सालचं, खाली एक बिऱ्हाड, वर एक. किंमत १ लाख ६० हजार. दोन्हीकडे भाडेकरू आहेत, प्रत्येकी ९५० भाडं. एजंटचा हिशेब असा:

भाडं १,९०० डॉलर
कर्जाचा हप्ता ८१९ (२५ टक्के डाउन पेमेंट, १ लाख २० हजार कर्ज, ७.२५ टक्के, तीस वर्षं)
प्रॉपर्टी टॅक्स ३००
विमा १२५
हातात ६५६ महिना

चाळीस हजार गुंतवून महिन्याला ६५६ म्हणजे वाईट नाही ना? आम्ही क्लीव्हलंड कधी पाहिलेलं नाही. एजंट म्हणतो व्हिडिओ कॉलवर दाखवतो, यायची गरज नाही, त्याची कितीतरी गिऱ्हाइकं कॅलिफोर्नियातून न बघताच घेतात. नवऱ्याला घाई आहे, मला धाकधूक. अनुभवी लोकांनी स्पष्ट लिहा.

सरळव्याज
शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात टाका आणि झोपा. त्याचा पाईप फुटत नाही.

मंडळ_सदस्य
सरळव्याज, तुमचा हा प्रतिसाद प्रत्येक धाग्यावर असतो. आता छापून लॅमिनेट करून घ्या.

तीनघरे
रानमेवा, मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो आणि माझी इंडियानापोलिसला तीन घरं आहेत, पहिलं २०१६ सालचं. पहिल्या दोन वर्षांत जे शिकलो त्याची फी भरलेली आहे, तुम्हाला फुकट देतो.

एजंटचा हिशेब खोटा नाही, अर्धा आहे. त्याला कमिशन मिळतं तिथपर्यंतच त्याने तो केलाय. पुढचा अर्धा मी मांडतो, सगळे आकडे महिन्याचे.

घर रिकामं राहील ते दिवस, ८ टक्के धरू: १५२. तिथे तुमच्या वतीने घर आणि भाडेकरू सांभाळणारा मॅनेजर, जमा झालेल्या भाड्याच्या १० टक्के: १७५. किरकोळ दुरुस्ती: १९०. मोठी दुरुस्ती, म्हणजे छप्पर, फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), वॉटर हीटर यांच्यासाठी बाजूला काढायचे: आणखी १९०. नवा भाडेकरू आणून दिला की मॅनेजर अर्ध्या ते एका महिन्याचं भाडं वेगळं घेतो. दोन बिऱ्हाडं, प्रत्येक भाडेकरू दोन वर्षं टिकला तर दर वर्षी एक बदली, महिन्याला ४० पडतील. जुन्या डुप्लेक्सला बहुतेक वेळा पाण्याचा मीटर एकच असतो, म्हणजे पाणी आणि सांडपाण्याचं बिल तुमचं: ११० धरा. गवत आणि बर्फ: ५०.

बेरीज ९०७. तुमचे ६५६ त्यातून वजा करा. महिन्याला २५१ डॉलर तुम्ही खिशातून घालणार.

रानमेवा
बापरे. पण दुरुस्तीचे दोन्ही मिळून २० टक्के जरा जास्त नाही का वाटत? मी जिथे जिथे वाचलं तिथे सगळा खर्च मिळून भाड्याच्या निम्मा धरा असं म्हणतात. आणि भाडं किमतीच्या एक टक्का असलं की घर चांगलं. इथे तर एक टक्क्याच्या वर आहे.

तीनघरे
ते दोन्ही नियम चाळणीसारखे आहेत. खडे निवडायला ठीक, त्यावर भात शिजत नाही.

फर्नेसला तुमचं भाडं किती हे माहीत नसतं. अडीच हजार भाड्याच्या घरात ती बसवायला जेवढे पैसे लागतात तेवढेच साडेनऊशेच्या घरात लागतात. त्यामुळे घर जितकं स्वस्त आणि जुनं, तितका खर्चाचा टक्का वर जातो. हे घर शंभरीला टेकलंय, बिऱ्हाडं दोन, म्हणजे फर्नेसही दोन असायची शक्यता. वीस टक्के मी हात राखून धरलेत. आणि मोठ्या दुरुस्तीचे १९० तुम्ही मनातून पुसले तरी महिन्याला ६१ तोटाच उरतो.

एक टक्क्याचा नियम तर स्वस्त वस्तीत हमखास जमतो. भाडं कागदावर असतं आणि भाडेकरू मार्चमध्ये निघून गेलेला असतो.

ऑस्टिनवाली
+१. शिवाय टॅक्सचा आकडा कुठून आला ते विचारा. लिस्टिंगवर, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीत, दिसतो तो आत्ताच्या मालकाचा टॅक्स. तो स्वतः राहत असेल तर त्याला सवलत असते, तुम्ही भाड्याने देणार म्हणून ती जाते. आमच्या टेक्सासात राज्याचा आयकर नाही म्हणून सगळे हुरळून येतात आणि प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघून गार होतात.

तीनघरे
माझी घरं आहेत त्या इंडियानात तर हे राज्याच्या घटनेतच लिहिलंय. मालक स्वतः राहत असेल तर टॅक्सची मर्यादा घराच्या मूल्याच्या १ टक्का, भाड्याच्या घराला २ टक्के. माझं दुसरं घर एका आजींकडून घेतलं. त्यांचा जुना टॅक्स धरून मी हिशेब केला होता. पुढचं बिल आलं तेव्हा बायको म्हणाली, शून्य एक जास्त पडलाय का बघा.

एरीकाठ
मी क्लीव्हलंडजवळच राहतो, बावीस वर्षं झाली. इथे अशा वर-खाली घराला लोक नुसतं ‘डबल’ म्हणतात. मागच्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत कारखान्यांच्या कामगारांसाठी अशी भरमसाठ बांधली गेली. लाकडी सांगाडा, पुढे दोन्ही मजल्यांना पडवी, खाली बेसमेंट. घर म्हणून वाईट नाहीत. पण बाहेरगावाहून घेणाऱ्याला ठाऊक नसतात अशा काही गोष्टी सांगतो.

सगळ्यात आधी गटार. घरापासून रस्त्यापर्यंत जी सांडपाण्याची नळी (सुअर लाइन) जाते ती त्या काळात भाजलेल्या मातीच्या नळ्यांची असायची, दोन-तीन फुटांचे तुकडे एकात एक बसवलेले. पुढच्या अंगणात मेपल असतो, त्याची मुळं बरोबर सांध्यातून आत शिरतात. खरेदीआधी घर तपासणारा नेहमीचा इन्स्पेक्टर हे बघत नाही. वेगळे दोनेकशे डॉलर देऊन आत कॅमेरा सोडायला लावा. लाइन बदलायची वेळ आली तर खर्च काही हजारांत जातो, मध्ये रस्ता खोदायचा असला की दहा हजाराच्या वरसुद्धा.

मग शिसं. अमेरिकेत घरासाठी शिशाचा रंग १९७८ साली बंद झाला. त्याआधीचं घर विकताना किंवा भाड्याने देताना माहिती लिहून द्यावी लागते, हा देशभरचा कायदा. क्लीव्हलंड शहराने त्यापुढे जाऊन २०२१ पासून टप्प्याटप्प्याने अशा भाड्याच्या घरांना शिशापासून सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं केलंय. विकणाऱ्याकडे ते आहे का, आधी कागद मागा. नुसतं ‘हो हो, आहे’ यावर जाऊ नका. खिडक्या वरखाली सरकवताना रंगाची पूड पडते, खरा धोका तिथेच, आणि घरात रांगतं मूल असेल तर तो पैशांचा प्रश्न राहत नाही.

क्लीव्हलंड हाइट्स, शेकर हाइट्स अशा काही उपनगरांत घर विकताना गावाचा माणूस तपासणी करतो आणि दोषांची यादी देतो. ती दुरुस्ती कोण करणार, हे खरेदीच्या करारातच ठरवून घ्या, नाहीतर यादी तुमच्या गळ्यात.

आणि मालक ओहायोबाहेरचा असेल तर मोठ्या काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) भाड्याच्या घराची नोंद करताना राज्यातला एक माणूस प्रतिनिधी म्हणून नेमावा लागतो.

रानमेवा
एरीकाठ, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. यातलं एकही एजंटने सांगितलं नाही. वस्ती कशी ओळखायची? झिप कोड टाकून गुन्ह्यांचे नकाशे बघितले, काही कळलं नाही.

एरीकाठ
झिप कोडवर जाऊ नका. इथे गल्ली बदलली की गाव बदलतं. एका रस्त्यावर पडवीत फुलांच्या कुंड्या, पुढच्या रस्त्यावर प्लायवूड ठोकलेली तीन घरं. तुम्ही या. एकदा शुक्रवारी रात्री नऊला त्या रस्त्यावरून गाडी हळू न्या, एकदा मंगळवारी सकाळी दहाला. सकाळी दहाला रस्त्यावर किती तरुण माणसं नुसती उभी आहेत ते बघा. शेजारच्या घरासमोर कोणी दिसलं तर थांबून बोला. इथली माणसं बोलकी आहेत, कोणतं घर कोणाचं आणि कोण भाडं देत नाही ते सगळं सांगतील.

सरळव्याज
एवढं करून महिन्याला २५१ घालवायचे. मजा आहे.

तीनघरे
सरळव्याज, या घराबाबत तुमचं बरोबर आहे. सगळ्याच घरांबाबत नाही.

आता मूळ मुद्दा. रानमेवा, तुम्ही लिहिलंय घराबद्दल, मॅनेजरबद्दल एक अक्षर नाही. पाचशे मैलांवर तुमचं घर म्हणजे तो मॅनेजरच. आधी तो शोधायचा आणि मग तो म्हणेल त्या गल्लीत घर. मी उलट केलं.

माझं पहिलं घर. जानेवारीत भाडेकरू सोडून गेला. त्याच्या नावावरचा गॅस त्याने बंद केला, तो काही चुकला नाही. गॅस माझ्या नावावर करून घ्यायचं काम मॅनेजरचं, त्याच्या ऑफिसात ते कोणाच्याच टेबलावर नव्हतं. अकरा दिवस घर रिकामं, फर्नेस थंड, बाहेर पारा शून्याखाली. बाराव्या दिवशी शेजारणीने शहराला फोन केला की या घराच्या पायऱ्यांवरून पाणी येतंय. प्लंबरने फोटो पाठवले ते अजून फोनमध्ये ठेवलेत. किचन सिंकखालच्या कपाटात बर्फाचे सुळे, आणि हॉलमधल्या लाकडी फळ्या उन्हात घातलेल्या पापडासारख्या कडा वर करून बसलेल्या. विमा कंपनीने विचारलं, घरात उष्णता चालू ठेवली होती का, नसेल तर नळ बंद करून पाईप रिकामे केले होते का? दोन्हीला उत्तर नाही. अशा वेळी गोठून झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही, तसं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. चौदा हजार गेले. मॅनेजरने त्या महिन्याचंही पत्रक पाठवलं, त्यात ‘घराची पाहणी, ७५ डॉलर’ अशी ओळ होती.

तेव्हापासून मी गॅस आणि वीज कंपन्यांशी घरमालकाचा करार करून ठेवतो. भाडेकरूने जोडणी सोडली की ती न तुटता आपोआप माझ्या नावावर येते. बऱ्याच कंपन्या देतात, एका फॉर्मचं काम आहे.

रानमेवा
काका, वाचून अंगावर काटा आला. मॅनेजर निवडताना काय विचारायचं?

तीनघरे
काका नको हो, अजून हप्ते चालू आहेत.

प्रश्न विचारण्याआधी एक करा. भाडेकरू म्हणून त्यांच्या नंबरवर फोन करा. ‘अमुक घर बघायचंय’ म्हणा. फोन कोणी उचलत नसेल, दोन दिवसांत उलटा फोन येत नसेल, तर तुमचं घर रिकामं असताना असंच होणार. मग त्यांच्या यादीतली चार घरं गावात फिरून बाहेरून बघा. गवत किती वाढलंय? दारावर जुन्या जाहिराती अडकल्यात का?

मग बसून बोला. एका माणसाकडे किती घरं आहेत? मला न विचारता किती डॉलरपर्यंत खर्च करता? मी तीनशेवर रेघ मारतो, आग आणि पाणी सोडून. दुरुस्ती तुमचीच माणसं करतात की बाहेरची, आणि बिलावर तुम्ही किती चढवता? भाडेकरू तोच राहिला आणि करार नुसता पुढे वाढवला तर फी घेता का? घर रिकामं असतानाही फी चालू असते का? असेल तर उठून या, कारण घर लवकर भरायची त्याला गरजच राहत नाही. डिपॉझिट कोणत्या खात्यात ठेवता? गेल्या वर्षी किती जणांना कोर्टातून बाहेर काढावं लागलं? आणि मला तुम्हाला काढायचं असेल तर किती दिवसांची नोटीस? तीस दिवसांपेक्षा जास्त असेल तर सही नको. एखाद्या मालकाला पाठवलेलं महिन्याचं पत्रक नाव झाकून दाखवायला सांगा. जे दाखवायला कां कूं करतात त्यांच्याशी पुढे बोलत नाही मी.

फीच्या टक्क्यावर घासाघीस करू नका. आठचा माणूस दहाच्या माणसापेक्षा मला महाग पडला.

मंडळ_सदस्य
माझा एक अनुभव, नाव-गाव न घेता. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणपतीत महाप्रसादानंतर एका गृहस्थांनी ‘टर्नकी’ घरांचा स्टॉल लावला. नवं किचन, नवा रंग, आत भाडेकरू बसवलेला, मॅनेजर त्यांचाच. आपला मराठी माणूस म्हणून आम्ही पाच-सहा जणांनी घेतली. माझ्या घरातला भाडेकरू चौथ्या महिन्यात गेला. नंतर कळलं की त्याचे पहिले महिने फुकट होते. पुढचा मिळेना, कारण कागदावरच्या भाड्याला त्या गल्लीत कोणी येत नव्हतं.

आता मी सांगतो की आत बसलेला भाडेकरू असेल तर मूळ करार, मागच्या बारा महिन्यांच्या भाडेजमेची नोंद, आणि भाडेकरूने स्वतः सही केलेला कागद मागा: भाडं किती, डिपॉझिट किती, काही उधारी किंवा कबुली आहे का. इंग्रजीत त्याला ‘एस्टॉपेल’ म्हणतात. डिपॉझिट क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, दिवशी तुमच्याकडे वळतं झालं पाहिजे, नाहीतर भाडेकरू जाताना ते तुमच्याकडेच मागणार.

हिशेबनीस
टॅक्सचं मी लिहिते, रोजचं काम तेच आहे. तुमच्या परिस्थितीला माझं उत्तर पुरेसं समजू नका, आपल्या सीपीएला (टॅक्सचं काम बघणाऱ्या अकाउंटंटला) विचारा.

घराची किंमत जमीन आणि इमारत अशी विभागायची. इमारतीचा भाग साडेसत्तावीस वर्षांत घसारा म्हणून वजा होतो. १ लाख ६० हजारात जमीन २० टक्के धरली तर इमारत १ लाख २८ हजार, वर्षाला साधारण ४,६५५. त्यामुळे खिशात चार पैसे आले तरी कागदावर तोटा दिसू शकतो. लोक इथे खूश होतात आणि पगाराच्या टॅक्समधून तो तोटा वजा होईल असं धरून चालतात. तुमचं एकत्रित उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर २५ हजारांपर्यंत होतो, तेही तुम्ही कारभारात लक्ष घालत असाल तर. १ लाखापासून ही सवलत उतरत जाते आणि दीड लाखाला शून्य. एडिसनला दोघं नोकरीत म्हणजे तुम्ही बहुधा वरच असाल. तोटा वाया जात नाही. तो साठत राहतो आणि पुढच्या भाड्याच्या नफ्यातून किंवा घर विकताना कामी येतो. ‘रिअल इस्टेट प्रोफेशनल’ हा दर्जा घ्या म्हणून कोणी सांगेल. त्याला वर्षाला ७५० तास आणि तुमच्या एकूण कामाच्या वेळेपैकी निम्म्याहून जास्त वेळ त्यातच द्यावा लागतो. पूर्णवेळ नोकरीवाल्याने तो दावा करू नये.

विकताना घेतलेला घसारा परत मोजला जातो, २५ टक्क्यांपर्यंतच्या दराने. घसारा घेतला नाहीत तरी घेतला असं धरूनच मोजतात, म्हणून दर वर्षी न विसरता घ्या.

ओहायोत घर म्हणजे ओहायोचं अनिवासी रिटर्न वेगळं. तिथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट न्यू जर्सीत मागता येतं. ओहायोतली बरीच शहरंही आयकर घेतात आणि भाड्याच्या नफ्यावर तो लागतो, हे बाहेरच्या लोकांच्या गावीही नसतं. रिटर्न भरायचे पैसे वाढतील, तेही हिशेबात घाला.

एचवनबी_हमाल
माझा प्रश्न घुसडतो. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मला असं घर घेता येतं का?

हिशेबनीस
घेणं आणि भाडं मिळवणं ही गुंतवणूक, ती चालते. पण भाडेकरू शोधणं, रंग मारणं, रोजचा कारभार स्वतः करायला लागलात तर ते काम ठरू शकतं. मॅनेजर ठेवा आणि आपल्या इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारा. आणखी एक, उद्या भारतात परत गेलात तर अनिवासी परकीय म्हणून निव्वळ नफ्यावर टॅक्स लावून घेण्याचा पर्याय रिटर्नमध्ये आठवणीने निवडावा लागतो, नाहीतर एकूण भाड्यावर थेट ३० टक्के. तेव्हा घर विकलंत तर सर्वसाधारणपणे विक्रीच्या रकमेच्या १५ टक्के घेणारा कापून ठेवतो, ते नंतर रिटर्न भरून सोडवायचे.

रानमेवा
एलएलसी, म्हणजे घरासाठी वेगळी छोटी कंपनी, करायची का? नवरा म्हणतो ती आधी.

तीनघरे
एका घरासाठी मी केली नाही. कॅलिफोर्नियात राहून कारभार बघितला तर एलएलसीला दर वर्षी किमान ८०० डॉलर राज्याला द्यावे लागतात, घर कुठेही असो. तुमच्याकडे तो भुर्दंड नसेल. पण कर्ज तुमच्या नावावर घेऊन नंतर घर एलएलसीत टाकलं तर बँकेला सगळं कर्ज एकदम मागायचा हक्क असतो. मागतातच असं नाही, पण करारात आहे. मी चांगला विमा घेतो, भाड्याच्या घराचा, डीपी-३ प्रकारचा, राहत्या घराची पॉलिसी इथे चालत नाही. वर एक अंब्रेला, म्हणजे कोणी दावा ठोकला तर जास्तीचं संरक्षण देणारी पॉलिसी. घर किती दिवस रिकामं राहिलं तर संरक्षण कमी होतं, ती ओळ शोधून वाचा. मी आता वाचतो.

ऑस्टिनवाली
अवांतर: आपल्या लोकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात, त्यावर ‘फक्त भारतीय कुटुंबाला’ अशी जाहिरात टाकायचा मोह आवरा. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याखाली वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश, अपंगत्व, घरात मुलं असणं यावरून नकार देता येत नाही, आणि तसं जाहिरातीत नुसतं लिहिणंही बेकायदा. पुण्यात ‘शाकाहारी, फॅमिली ओन्ली’ पाटी लावायची सवय इथे महागात पडेल. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट, आधीच्या घरमालकाचा दाखला, क्रेडिट स्कोअर, हे निकष लिहून ठेवा आणि सगळ्यांना तेच लावा.

एरीकाठ
आणि क्लोजिंगचे पैसे पाठवताना ईमेलमधल्या खाते क्रमांकावर विसंबू नका. खरेदीचे कागद आणि पैसे हाताळणाऱ्या टायटल कंपनीचा मेल हॅक करून शेवटच्या दिवशी ‘खातं बदललंय’ असा मेल येतो. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून आकडे वाचून घ्या. आमच्या इथल्या एका ओळखीच्याचे एकतीस हजार असेच गेले. परत आले नाहीत.

रानमेवा
मंडळी, सहा आठवड्यांनी येतेय. आम्ही दोघं क्लीव्हलंडला जाऊन आलो, तीन दिवस.

आधी घराचं. ऑफर घातली होती, पण इन्स्पेक्शनची अट ठेवून. एरीकाठांनी सांगितल्याप्रमाणे गटारात कॅमेरा सोडला. मी स्वतः बेसमेंटमध्ये त्या माणसाच्या खांद्यावरून बघत उभी होते. पहिले तीसेक फूट बरे गेले, बेचाळीसाव्या फुटाला पडद्यावर अचानक केस आल्यासारखं दिसलं. दाढीच म्हणा ना. मुळं. कॅमेरा पुढे जाईना. तो माणूस शांतपणे म्हणाला, हे मी रोज बघतो. शिशाचं प्रमाणपत्र फक्त खालच्या बिऱ्हाडाचं निघालं, वरच्याचं ‘प्रोसेसमध्ये’. वरच्या भाडेकरूने दोन महिन्यांचं भाडं दिलेलं नव्हतं, तेही तिनेच सांगितलं, एजंटने नाही. बाई बिचारी सरळ होती. नोकरी गेलीय म्हणाली, आणि आम्हाला चहा विचारला.

विकणारा आठ हजारसुद्धा कमी करायला तयार नव्हता. अटीच्या मुदतीत होतो म्हणून इसाऱ्याचे पैसे परत मिळाले. इन्स्पेक्शन, कॅमेरा, विमान, हॉटेल धरून अकराशे डॉलर खर्च झाले. नवरा परतीच्या विमानात गप्प होता, मग म्हणाला, चौदा हजारांपेक्षा बरे.

पण मॅनेजर मिळाली. भाडेकरू बनून चार ठिकाणी फोन केले, दोघांनी उचललाच नाही, एकाने चौथ्या दिवशी परत केला. एकीने दुसऱ्या रिंगला उचलला आणि सरळ विचारलं, ‘तुम्ही खरंच भाड्याने शोधताय की मालक आहात?’ तिच्या ऑफिसात तासभर बसलो. मी आमच्या डुप्लेक्सचा पत्ता सांगितला तर तिने मान हलवली. म्हणाली, त्या रस्त्यावर मी घर सांभाळायला घेत नाही. नकाशावर तिने स्वतःच दोन उपनगरं दाखवली, एकेकटी लहान घरं, भाडं चौदाशे-पंधराशे. तीनघरेंचा तक्ता लावून बघितला. महिन्याला शंभरएक डॉलर हातात दिसतात, तेही किंमत थोडी खाली आली तर. नवऱ्याला ते फार थोडे वाटतात.

सरळव्याज
वर्षाला बाराशे. फंडाचं विचारू का?

तीनघरे
विचारू नका. हप्त्यात मुद्दल फिटतंय तेही धरा की. रानमेवा, शंभर डॉलर म्हणजे एका प्लंबरची एक फेरी, हे मनात ठेवूनच पुढे जा. सहा महिन्यांचा सगळा खर्च बाजूला राहतोय ना? बँकही बघते ते.

रानमेवा
राहतोय. आज संध्याकाळी तिने एक पाठवलंय, तीन बेडरूम, मालक राहतोय, छप्पर पाच वर्षांपूर्वीचं. टॅक्स काउंटीच्या साइटवर जाऊन बघितला, मालकाची सवलत काढून.

एरीकाठ
शाब्बास. बांधलंय कधी?

रानमेवा
१९५४.

एरीकाठ
पुढे मेपल आहे?

रानमेवा
फोटोत आहे. चांगला मोठा आहे.

एरीकाठ
कॅमेरावाल्याचा नंबर आहे ना तुमच्याकडे?